गाडी घेऊन देशाबाहेर निघताय? चोर आणि चिरीमिरीवाल्यांपासून जपायचं कसं

रंकाळ्यावर कुणी ओळखीचं भेटलं की ट्रिपबद्दलचा पहिला प्रश्न डोंगर कसले होते हा नसतोच, "काय रं, गाडी चोरली न्हाई काय कुणी?" हा असतो, आणि लगेच दुसरा, "पोलिसांनी किती खाल्ले?" एवढ्या जणांना एवढ्या वेळा सांगून झालंय की म्हटलं आता लिहूनच टाकतो, नवीन पोरं निघालेत त्यांना तरी उपयोग होईल.

आधी माझी शिदोरी किती ते सांगतो. २०१९ ला नेपाळ-भूतान, नंतर व्हिएतनामात भाड्याच्या गाडीवर दहा दिवस, आणि २०२३ ला एमएच-०९ ची आपली हिमालयन मोटरसायकल जहाजानं दुबईला पाठवून पुढं इराण, आर्मेनिया, जॉर्जिया. या सगळ्यात चोरीला काय गेलं तर एक कोल्हापुरी चप्पलजोड. ती पण परदेशात नाही, नेपाळ सीमेच्या अलीकडं आपल्याच देशात एका धाब्यावर, गाडीच्या सामानाच्या बॉक्सवर वाळत घातलेली कुणीतरी उचलली. अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल जाते हे लहानपणापासून बघत आलोय त्यामुळं फार दुःख झालं नाही. पैसे मात्र गेले, दोन-तीनदा गेले, आणि दरवेळी ते मी दमलेला, भुकेला आणि घाईत असतानाच गेले. पुढं जे लिहिलंय त्यातलं बरंचसं हे घाई कशी टाळायची याबद्दलच आहे.

## १. कागदं आधी, गाडीचं नटवणं मागनं

आपल्याकडं पोरं ट्रिप ठरली की पहिल्यांदा फॉग लाइट आणि क्रॅश गार्ड घेतात. थांबा जरा. चिरीमिरी मागणारा माणूस आधी तुमच्या कागदात भोक शोधतो, भोक सापडलं की मग तुमचा आवाज आपोआप खाली येतो आणि त्याचा वर जातो. तर लागणारी कागदं:

- पासपोर्ट, व्हिसा, आणि दोन्हीच्या चार-चार रंगीत झेरॉक्स.
- लायसन्स आणि आरसी, दोन्ही ओरिजिनल. डिजिलॉकर आपल्या हायवेवर चालतंय, बाहेर कुणी विचारत नाही. फोन दाखवून "यात आहे साहेब" म्हणायचं नाही.
- आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, आपलं आरटीओ ताराबाई पार्कात. फी १,००० रुपये, मुदत १ वर्ष, पण त्याच्या आधी लायसन्स संपत असेल तर तेवढीच. मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का पडलाय का ते खिडकीतच उभं राहून बघा, घरी येऊन नाही.
- कार्ने (याबद्दल वेगळं लिहिलंय खाली).
- गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी. आरसी दुसऱ्याच्या नावावर असेल, वडिलांच्या किंवा भावाच्या, तर नोटरी केलेलं अधिकारपत्र. जमत असेल तर आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या, सीमेवर वडिलांचं नातं समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.
- इन्शुरन्स. साधी भारतीय पॉलिसी भारताबाहेर चालत नाही. जादा प्रीमियम भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान एवढ्यापुरती वाढवता येते, एजंटला 'भौगोलिक क्षेत्र वाढवायचंय, आयएमटी १' असं सांगा, बऱ्याच एजंटांना माहीतच नसतं. त्यापलीकडच्या देशात तिथला थर्ड पार्टी घ्यायचा. जॉर्जियात २०१८ पासून बाहेरच्या गाड्यांना तो सक्तीचा आहे.
- मागं पांढऱ्या लंबगोलात काळ्या अक्षरात 'आयएनडी' चं स्टिकर (इंग्रजी अक्षरात अर्थातच). आणि नंबरप्लेट सरळ, वाचता येईल अशी. ४१४१ चं 'दादा' करून ठेवलं असेल तर ते काढा, तिकडं तुम्हाला कोण दादा म्हणणार नाही.

व्हिएतनामबद्दल एक सांगायचं राहिलं तर पोरं अडकतील म्हणून इथंच सांगतो. आपलं आयडीपी रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारावरचं आहे, आणि व्हिएतनाम मानतो १९६८ च्या करारावरचं. म्हणजे तुमच्या हातात परमिट असलं तरी तिथल्या कायद्यानं तुम्ही बिनलायसनचे. मला हे माहीत नव्हतं. भाड्यानं गाडी देणारा "नो प्रॉब्लेम" म्हणाला, त्याला कसला प्रॉब्लेम असणार, पोलिसांनी मला अडवलं. आणि नुसता दंडाचा विषय नाही, अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले याच कारणानं हात वर करू शकतात. थायलंडला आपलं आयडीपी चालतं.

## २. कार्ने म्हणजे काय ते नीट समजून घ्या

गाडीचा पासपोर्ट म्हणतात त्याला. तुम्ही गाडी त्या देशात विकणार नाही, परत बाहेर काढणार, याची हमी. मुंबईत चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे तिथनं मिळतं, गाडीची किंमत आणि तुम्ही जाणार ते देश बघून बँक गॅरंटी किंवा डिपॉझिट ठेवावं लागतं. मुदत १ वर्ष. सगळीकडं लागत नाही. नेपाळला लागत नाही, तिथं सीमेवर भन्सार म्हणजे त्यांच्या कस्टमचं दिवसाप्रमाणं परमिट काढायचं. जॉर्जियाला पण लागत नाही. इराणला लागतंच.

प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना एक तुकडा कस्टमवाला फाडून ठेवतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा जो वहीतच राहतो त्याच्यावर दोन्ही वेळचे शिक्के पडायला पाहिजेत. हा तिसरा तुकडा म्हणजे तुमचा जीव. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर त्या देशाच्या हिशोबानं गाडी अजून तिथंच आहे, आणि मग ड्युटीची मागणी तुमच्या डिपॉझिटवर येते.

आता यात चोरीचा विषय कुठं आला? इथंच आला. गाडी चोरीला गेली तर गाडी तर जातेच, वर बाहेर पडल्याचा शिक्का मिळणार नाही, म्हणजे तो देश म्हणू शकतो की तुम्ही ती इथं विकली, ड्युटी भरा. गेलेल्या गाडीचे परत पैसे! म्हणून कार्नेच्या देशात गाडी जपायची ती डबल जपायची. हे मला चर्चगेटला कार्ने घेतानाच एका वयस्कर गृहस्थांनी सांगितलं होतं, तेव्हा मी मान हलवली आणि खरं समजलं ते इराणमध्ये पहिल्या रात्री, दर तासाला उठून खिडकीतनं गाडी बघत होतो तेव्हा.

## ३. उद्यमनगरात करून घ्यायची कामं

कोल्हापूरकरांना एक सोय आहे जी पुण्या-मुंबईवाल्यांना हजारो रुपये देऊन मिळते. शिवाजी उद्यमनगरात जावा, चांगला फॅब्रिकेटर गाठा आणि हे करून घ्या:

एक, बॉक्सचे माउंटिंग बोल्ट आतल्या बाजूनं. बाहेरनं बोल्ट असला की दहा नंबरचा पाना घेऊन कुणीही अख्खा बॉक्स काढून नेऊ शकतो, कुलूप कितीही भारी असू दे. दोन, इंजिन गार्डच्या आत एक छोटी लपवलेली डबी, त्यात जादाची किल्ली आणि थोडे डॉलर प्लॅस्टिकात गुंडाळून. तीन, इलेक्ट्रिशियनकडनं एक चोर-स्विच, इग्निशनची वायर तोडणारा, सीटखाली. दोनशे-तीनशेचं काम आहे पण गाडी ढकलून स्टार्ट करणाऱ्याला ते सापडत नाही.

कुलूप: अलार्मवालं डिस्क लॉक आणि एक साखळी. डिस्क लॉक एकट्यानं उपयोगाचं नाही, चार माणसं गाडी उचलून टेम्पोत टाकतात, त्यांना चाक फिरायची गरजच नसते. साखळी खांबाला, झाडाला, दुसऱ्या गाडीला, कशाला तरी अडकली पाहिजे. आणि साखळी जमिनीवर लोळती ठेवू नका, जमिनीचा आधार मिळाला की कटरवर पायानं जोर देता येतो किंवा हातोड्यानं फोडता येते. ताणून, वर.

डिस्क लॉकची एक नारिंगी दोरी मिळते, ब्रेकच्या लिव्हरला बांधायची, म्हणजे लॉक लावलंय हे लक्षात राहतं. ती नक्की बांधा. मी न बांधता दसरा चौकात सिग्नलपाशी शंभर लोकांसमोर गाडीसकट आडवा झालोय. परदेशात पडलो असतो तर एवढी लाज वाटली नसती.

साधं मळकट कव्हर पण घ्या. झाकलेली गाडी कुठली आहे हे बघायला चोराला थांबावं लागतं, आणि थांबायला त्याला आवडत नाही. गाडी धुवून चकाचक ठेवायचा नाद तिकडं सोडा.

## ४. पैसे तीन ठिकाणी

तीन भाग करायचे. रोजचे वरच्या खिशात. मोठी रक्कम अंगाला लागून, कमरेला. आणीबाणीचे गाडीत लपवलेले. आणि या तिन्हीपेक्षा वेगळं एक खोटं पाकीट, त्यात मुदत संपलेलं एटीएम कार्ड, पाच-दहा डॉलर, थोडे तिथले चिल्लर पैसे, एखादा जुना फोटो. कुणी दमदाटी केली तर ते द्यायचं.

इराणमध्ये बाहेरच्या बँकांची कार्डं चालत नाहीत, निर्बंधांमुळं, म्हणजे सगळा खर्च रोख घेऊन शिरावं लागतं, आणि ही गोष्ट सीमेवरच्या प्रत्येकाला माहीत असते. वरनं भाव सांगतात तोमानमध्ये आणि नोटेवर छापलेले असतात रियाल. १ तोमान म्हणजे १० रियाल. पहिल्या दिवशी या शून्यातच माणूस मरतो. मी एका चहाचे दहापट देऊन बसलो होतो आणि तो चहावाला रस्त्यापर्यंत पळत आला उरलेले परत द्यायला. हे पण लिहितोय कारण नुसतं चोरांचंच लिहिलं तर तिकडची माणसं तसलीच आहेत असं वाटायचं.

पंपावर: चावी गाडीला लावून पैसे द्यायला जायचं नाही. जॉर्जियाच्या पुढं कझाकस्तानकडं बऱ्याच पंपांवर आधी खिडकीत पैसे भरायचे असतात, मगच तेल सुटतं, तिकडं तर ही सवय पाहिजेच. मीटर शून्यावर आहे का ते बघायचं (हे काय आपल्याला शिकवायला नको). आणि मोठी नोट देताना आकडा तोंडानं मोठ्यानं बोलून द्यायची, म्हणजे "तू छोटीच दिलीस" हा खेळ होत नाही.

## ५. सीमेवर: मदत करणाऱ्यापासून सावध

सीमेवर तुम्ही हेल्मेट काढायच्या आत एक माणूस येतो. गोड बोलतो, मोडकं हिंदी पण येतं त्याला, शाहरुख खानचं नाव घेतो, आणि बोलता बोलता तुमची कागदं स्वतःच्या हातात घेतो. कागदं हातात गेली की संपलं. आता तो सांगेल तो आकडा.

माझं असं झालं. एका सीमेवर, संध्याकाळचे सहा, पाऊस, सकाळपासून पोटात काही नाही, जोडीदार पलीकडं जाऊन उभा होता आणि सारखा फोन करत होता. माणूस आला, कार्ने-पासपोर्ट घेऊन आत गेला, बाहेर येऊन म्हणाला पन्नास डॉलर, नाहीतर साहेब उद्या सकाळी. मी दिले. खोटं कशाला बोलू, दिले. पलीकडं गेल्यावर कळलं की ज्या खिडकीच्या त्यानं फिया सांगितल्या त्यातल्या अर्ध्या फुकट होत्या आणि ते ऑफिस रात्रभर उघडंच असतं. म्हणजे मी पन्नास डॉलर कशाचे दिले, तर माझ्याच घाईचे.

त्यानंतर मी तीन गोष्टी पाळतो. सीमेवर सकाळी पोचायचं, आदल्या रात्री अलीकडच्या गावात मुक्काम करायचा. पोटभर खाऊन जायचं आणि बॅगेत चिवडा-लाडू ठेवायचे. आणि कुठलाही पैसा मागितला की खिडकीवर बोट दाखवून पावती मागायची. शब्द सोपा आहे, फारसीत पण 'रसीद'च म्हणतात आणि नेपाळीत पण 'रसिद'च. सरकारी फी असेल तर पावती निघते. नसेल तर माणूस इकडंतिकडं बघायला लागतो.

दलाल घ्यायचाच नाही असं नाही हां. दुबईच्या बंदरातनं गाडी सोडवायला क्लिअरिंग एजंट लागतोच, तिथं एकट्यानं धडपडण्यात अर्थ नाही. फक्त आकडा आधी ठरवायचा, कशाकशाचा ते लिहून घ्यायचं, आणि कागदं त्याच्या हातात देऊन आपण चहाला जायचं नाही, त्याच्या मागं मागं फिरायचं.

निघायच्या आधी शिक्का तपासा. कार्नेवर चेसिस नंबर, तारीख, शिक्का. नेपाळच्या भन्सारवर संपायची तारीख, एक दिवस जरी उलटला तरी परत येताना दंड आहे आणि तिथंच मग 'मिटवायची' भाषा सुरू होते.

## ६. ट्राफिक पोलीस अडवतात तेव्हा

पहिल्यांदा स्वतःची चूक आहे का बघा. जुन्या सोव्हिएत पट्ट्यात गावाच्या नावाची पाटी हीच वेगमर्यादेची पाटी असते. आर्मेनिया, जॉर्जिया, कझाकस्तानात गावात साधारण ६०, आणि तीच पाटी तांबड्या तिरक्या रेघेनं खोडलेली दिसली की गाव संपलं. हे माहीत नसलेला माणूस पाटीनंतर शंभर मीटरवर सापडतो. सलग पांढरी रेघ ओलांडणं, रेल्वे फाटकावर 'स्टॉप' ची पाटी असताना पूर्ण पाय टेकून न थांबणं, यावर तर पोलीस टपूनच असतात. गाडी १ एप्रिल २०१७ च्या आधीची असेल तर हेडलाइट आपोआप लागत नाही, दिवसा पण लावून ठेवायचा, बऱ्याच देशात मोटरसायकलला नियम आहे.

चूक नसेल आणि तरी मागत असेल, तर गाडी बंद करा, हेल्मेट काढा, नमस्कार करा, आणि बसा. खरंच बसा, कडेला दगडावर. "प्रोतोकोल" म्हणा, म्हणजे लेखी चलन करा. त्याच्या भाषेत बोलायचा प्रयत्न करू नका, मराठीत बोला! मी एकदा वीस मिनिटं अगदी शांतपणे कोल्हापूरचा पाऊस, पंचगंगेचा पूर आणि तांबडा-पांढरा रस्सा या विषयावर बोललो, त्यानं कंटाळून लायसन्स परत दिलं. त्याला दिवसभरात चार गाड्या जास्त अडवायच्या असतात, तुमच्याकडं वेळ आहे हे दिसलं की त्याचा धंदा बुडतो.

पण स्वतःहून पैसे पुढं करायचे नाहीत, कधीच. जॉर्जियात तर मुळीच नाही. तिथं एकेकाळी ट्राफिक पोलीस म्हणजे उघड वसुली होती, २००४ ला सरकारनं अख्खं खातं एका झटक्यात घरी पाठवलं आणि नवीन गस्ती पोलीस भरले, ठाणी पण काचेची बांधली, आतलं बाहेरनं दिसेल अशी. तिथं नोट पुढं केली तर अटक होईल. भूतानला जाताना पण आपण उगाच खिसा चाचपतो. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या भ्रष्टाचाराच्या यादीत (गुण जास्त म्हणजे कारभार स्वच्छ) भूतानला शंभरात ७२ आणि आपल्याला ३८, म्हणजे घाबरायचं कुणी कुणाला ते बघा.

एकच अपवाद. रात्र, आडरान, हत्यारवाला माणूस, वर्दी असो नसो, तिथं तालमीतली रग दाखवायची नाही. खोटं पाकीट द्यायचं आणि निघायचं.

## ७. साध्या कपड्यातले 'पोलीस'

हे वेगळं लिहितोय कारण आपली माणसं यात पटकन सापडतात. साधी गाडी, दोन माणसं, खिडकीतनं ओळखपत्र झळकवतात, "पोलीस, पासपोर्ट दाखव, पाकीट दाखव, खोट्या नोटा आल्यात मार्केटला". पाकीट हातात घेऊन मोजतात, परत देतात, आणि निम्म्या नोटा गेलेल्या असतात. इराणच्या मोठ्या शहरात हे जुनं आहे. उत्तर एकच: ठाण्यात चला, मी मागनं येतो. आणि चालत्या वर्दळीकडं, दुकानाकडं सरकायचं. खरा पोलीस "चल" म्हणतो, खोटा निघून जातो.

याचाच भाऊ म्हणजे "तुमचं मागचं चाक बसलंय" म्हणून हात करणारा. लगेच तिथंच थांबू नका. हळूहळू पुढं गर्दीच्या ठिकाणी जाऊन बघा. आणि बघताना टँक बॅग गळ्यात.

## ८. रात्रीची जागा

हॉटेल निवडताना मी खोली नंतर बघतो, आधी विचारतो गाडी आत घेता का. छोट्या गेस्ट हाउसवाले अंगणात, कधी चक्क बैठकीच्या खोलीत गाडी घेतात, मोठ्या हॉटेलवाले रस्त्यावर लावायला सांगतात. आर्मेनियात एका आजीनं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी लावायला दिली होती, त्या रात्री इतका निवांत झोपलो. कुत्रं असलेलं घर असेल तर काय बोलायचंच नाही.

## ९. भाड्याची गाडी घेणार असाल तर

पासपोर्ट डिपॉझिट म्हणून ठेवायचा नाही, रोख ठेवा. गाडी घ्यायच्या आधी चहूबाजूनं व्हिडिओ काढा, जुने ओरखडे मालकाला दाखवत दाखवत, नाहीतर परत देताना तेच ओरखडे तुमच्या नावावर येतात. आणि कुलूप स्वतःचं वापरा. त्यानं दिलेल्या कुलपाची दुसरी चावी त्याच्याकडं असते, गाडी 'चोरीला' जाते आणि भरपाई तुम्ही देता, हा दक्षिण-पूर्व आशियातला जुना धंदा आहे.

## १०. तरी गेलीच, तर

१. जवळच्या ठाण्यात त्याच दिवशी तक्रार, आणि लेखी प्रत हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्यात चेसिस आणि इंजिन नंबर पाहिजेच. हे नंबर कागदावर वेगळे लिहून अंगावर ठेवा, आरसी गाडीच्याच बॉक्समध्ये असेल तर काय सांगणार?

२. कार्नेवर असाल तर त्या देशाच्या कस्टम ऑफिसला लेखी कळवा, पोच घ्या, आणि मुंबईला जिथनं कार्ने घेतलं तिथं मेल. हे दोन्ही उशिरा केलं तर ड्युटीचं झेंगट घरापर्यंत येतं.

३. पासपोर्ट पण गेला असेल तर भारतीय दूतावास. परत येण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. दूतावास कुठल्या शहरात ते निघायच्या आधी लिहून ठेवा, कारण प्रत्येक देशात असतोच असं नाही. मी गेलो तेव्हा जॉर्जियाचं काम आर्मेनियातल्या येरेवानहून चालायचं. परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल आहे, त्यावर पण तक्रार टाकता येते.

४. कार्डं ब्लॉक, सिम ब्लॉक. बँकेचे नंबर फोनमध्ये नाही, कागदावर. फोन पण गेलेला असतो ना.

५. घरी फोन सगळ्यात शेवटी करा. आईला आधी सांगितलं की पुढचे दोन तास तिलाच समजावण्यात जातात, ठाणं बंद होतं.

आणि गाडी सुखरूप परत आली तर एक काम विसरू नका, बरेच जण विसरतात. न्हावाशेव्याला गाडी उतरली की आपल्या कस्टमचा परत आल्याचा शिक्का कार्नेवर घ्यायचा आणि ती वही मुंबईला जमा करायची, मगच डिपॉझिट सुटतं. मी दमलोय म्हणून गाडी घेऊन थेट कोल्हापूर गाठलं, वही कपाटात टाकली, आणि तीन महिन्यांनी लक्षात आल्यावर परत महालक्ष्मी एक्सप्रेस धरली.